ट्रेडिंगमध्ये करिअर करू का? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

धरमपेठेत ब्रोकरच्या ऑफिसात डीलर म्हणून बरीच वर्षं काढली, त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी आपला पोरगा नाहीतर भाचा घेऊन येतेच, की याला जरा समजावून सांगा, नोकरी नको म्हणते, ट्रेडरच व्हायचं म्हणते. प्रश्न फिरून तेच असतात म्हणून इथे एकदाचे लिहून टाकले. कोणता शेअर घ्यायचा ते इथे भेटणार नाही, मी काही सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, रजिस्टर्ड सल्लागार नाही.

खरं सांगा, यात पैसे कमावणारे किती असतात?

कमी. माझं ऐकू नका, सेबीचं ऐका. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने एक अभ्यास काढला, २०२१-२२ ते २०२३-२४ अशी तीन वर्षं धरून, आणि त्यात फ्युचर ऑप्शन, म्हणजे शेअर न घेता त्याच्या पुढच्या भावावर सौदे, करणारे एक कोटीच्या वर साधे लोक होते. त्यातले ९३ टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी २ लाखांच्या आसपास, खर्च धरून. आणि खर्च जाऊन १ लाखाच्या वर नफा झालेले किती, तर १ टक्का. पुढे जुलै २०२५ मध्ये २०२४-२५ चे आकडे आले तेव्हाही ९१ टक्के तोट्यातच होते, सगळ्यांचा मिळून निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर.

पण मला त्यातला वेगळाच आकडा खटकते. लागोपाठ दोन वर्षं तोटा करूनही त्यातल्या ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ट्रेडिंग चालूच ठेवलं. म्हणजे तोटा झाला की माणूस आपोआप शहाणा होऊन थांबते, असं काही नाही.

मग हा पैसा जाते कुठे?

२०२३-२४ मध्ये प्रोप डेस्कवाल्यांनी, म्हणजे स्वतःच्या पैशावर धंदा करणाऱ्या ब्रोकर फर्मांनी, फ्युचर ऑप्शनमध्ये ३३ हजार कोटींचा ढोबळ नफा केला आणि विदेशी फंडांनी २८ हजार कोटींचा. दोघांचाही ९५ टक्क्यांच्या वर नफा अल्गोमधून आला, म्हणजे कॉम्प्युटरने केलेल्या सौद्यांतून. आपण मनीषनगरच्या रूमवर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून जो सौदा करतो न, त्याच्या समोरच्या बाजूला बहुतेक वेळा हे लोक बसलेले असतात. हरायलाच पाहिजे असं नाही, पण समोर कोण आहे ते तरी माहीत असावं.

ऑप्शन नको, साधं इंट्राडे, म्हणजे आज घेऊन आजच विकणं, करतो. त्यात रिस्क कमी न?

थोडी कमी, इतकंच. २०२२-२३ च्या आकड्यांत कॅश मार्केटमध्ये, म्हणजे साध्या शेअरमध्ये, इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला होता, आणि वर्षाला ५०० च्या वर सौदे मारणाऱ्यांत हेच प्रमाण ८० टक्के. जास्त मेहनत केली की जास्त पैसा हे सूत्र इथे उलटं चालते, आणि आपल्या घरच्यांना नेमकं हेच पटत नाही, पोरगा सकाळी ९:१५ पासून ३:३० पर्यंत स्क्रीनसमोरून उठत नाही म्हणजे किती कष्ट करून राहिला असं वाटते त्यांना.

मला हे सूट होते की नाही, ते कसं ओळखायचं?

गणित चांगलं असणं, चार्ट आवडणं, बातम्या वाचणं, यावरून काहीच ठरत नाही. इंजिनिअर हुशार असतात पण मी पाहिलं तर तेच जास्त अडकतात, कारण आयुष्यभर पेपरात बरोबर उत्तर द्यायची सवय लागलेली असते आणि इथे दहातले पाच-सहा सौदे चुकले तरी चालतात, फक्त चुकलेला सौदा लहान असताना कापता आला पाहिजे. तेच जमत नाही.

आमच्याकडे इतवारीतले एक दुकानदार काका होते. दुकानात एक रुपयाचा हिशोब सोडणार नाहीत असे. १९० ला शेअर घ्यायचे, १८४ चा स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथे आला की आपोआप विकायची ऑर्डर, लावायचे, आणि भाव १८५ वर आला की फोन यायचा, "तो स्टॉपलॉस काढ बे, वापस येते ते." मग १७८, मग "अजून दोनशे घे, ॲव्हरेज होते". तीन वाजता स्क्वेअर ऑफ करायची, म्हणजे विकून मोकळं व्हायची, वेळ आली की म्हणायचे डिलिव्हरी घेऊन टाक, म्हणजे न विकता शेअर ठेवूनच घे. अशा इंट्राडेच्या डिलिव्हऱ्यांनी त्यांचं डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, भरलं होतं. माणूस मूर्ख अजिबात नव्हता, फक्त आपण चुकलो हे मान्य करायला त्यांना दिवसभर लागायचा, कधी वर्षभर.

आता स्वतःकडे पाहा. तोटा झाला की तो आजच्या आज वसूल करायची खाज येते का? चार दिवस नीट संधी दिसली नाही तर एकही सौदा न करता बसता येते का? नफ्यात असताना लगेच विकून मोकळं व्हावंसं वाटते आणि तोट्यात असलं की देवावर सोडून द्यावंसं वाटते, असं होते का? हे बहुतेकांना होते, मला पण होते, प्रश्न एवढाच आहे की लिहून ठेवलेल्या नियमाने तुम्ही ते आवरू शकता का. आणि याचं उत्तर मनात भेटत नाही, वहीत भेटते. प्रत्येक सौदा घ्यायच्या आधी दोन ओळी लिहा, काहून घेतो आणि कुठे चुकलो म्हणून बाहेर पडीन. सहा महिन्यांनी वही आणि ब्रोकरचं स्टेटमेंट शेजारी ठेवा. वहीत एक आणि स्टेटमेंटमध्ये दुसरं असेल तर तुम्हाला ट्रेडिंग सूट होत नाही, निदान आत्ता तरी नाही.

ज्याला वही लिहायचाच कंटाळा येते त्याने पुढचे प्रश्न नाही वाचले तरी चालतील.

किती कॅपिटल असलं तर फुलटाइम करता येते?

उलटं मोजा. नागपुरात स्वतःचं घर असलं तरी चौघांच्या घराला महिन्याला ३० हजार धरा, म्हणजे वर्षाचे ३ लाख ६० हजार. तुम्ही वर्षाला २० टक्के कमावता असं समजू, आणि हे दरवर्षी जमणं फार मोठी गोष्ट आहे, तरी १८ लाख कॅपिटल लागते. १५ टक्के धरले तर २४ लाख. आणि यात टॅक्स नाही, आजारपण नाही, खराब वर्ष नाही, आणि सगळा नफा खाऊन टाकल्यामुळे कॅपिटल वाढणार नाही ते वेगळंच.

आता ५० हजारांवर महिन्याला ३० हजार काढायचे म्हटलं तर महिन्याला ६० टक्के. हे करायला जो जाते तो एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायच्या, दिवशी दोन-पाच रुपयांचे ऑप्शन घेऊन हिरो-झिरो खेळते, लागलं तर लागलं नाहीतर सगळं शून्य, दुसरा रस्ताच नसते त्याच्याकडे. म्हणून मी म्हणतो की बरेच लोक ट्रेडिंग येत नाही म्हणून बुडत नाहीत, कमी कॅपिटलवर घर चालवायला निघतात म्हणून बुडतात.

आणखी एक हिशोब डोक्यात ठेवा. २० टक्के गेले तर मूळ रकमेवर यायला २५ टक्के कमवावे लागतात, ५० टक्के गेले तर १०० टक्के. म्हणून जुने लोक एका सौद्यात कॅपिटलच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त धोका घेत नाहीत.

ब्रोकरेज तर फक्त २० रुपये आहे, खर्च काय येते असा?

२० रुपये घेताना, २० विकताना. समजा २०२५ मध्ये निफ्टीचा, म्हणजे पन्नास मोठ्या शेअरांच्या निर्देशांकाचा, ऑप्शन १०० रुपयांना घेतला, एका लॉटमध्ये तेव्हा ७५ नग, म्हणजे साडेसात हजार लावले आणि त्याच भावात विकला. ब्रोकरेज ४०, विकताना एसटीटी म्हणजे सौद्यावरचा सरकारी टॅक्स, दोन्हीकडचा एक्सचेंजचा चार्ज, वरून १८ टक्के जीएसटी, थोडी स्टॅम्प ड्युटी, सगळं मिळून ६० च्या आसपास जायचे. भाव हलला नाही तरी. दिवसाला असे दहा सौदे, महिन्याला वीस दिवस, १२ हजार रुपये झाले. ज्याचं कॅपिटल ५० हजार आहे त्याचे दर महिन्याला २४ टक्के असेच गेले, मार्केट वर गेलं का खाली हा प्रश्नच नाही.

सेबीच्या हिशोबाने तीन वर्षांत लोकांनी असे ५० हजार कोटी नुसत्या खर्चापायी दिले. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे त्या दिवशीच्या सौद्यांचं बिल, दररोज संध्याकाळी मेलवर येते, उघडून पाहत जा, पोरं ती पाहतच नाहीत.

मी मिहानमध्ये आयटीत आहे, नोकरी सोडू का?

नाही, आत्ता नाही. किमान एक पूर्ण वर्ष, शक्यतो दोन, नोकरी करता करता करा, आणि त्या काळात मार्केटने एकदा तरी जोराचा फटका दिलेला असला पाहिजे. नुसत्या चढत्या मार्केटमध्ये सगळेच हुशार असतात. ४ जून २०२४ आठवा, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी ६ टक्क्यांच्या जवळपास पडला, आणि आदल्या दिवशी एक्झिट पोल पाहून तीन टक्क्यांच्या वर चढला होता. २३ मार्च २०२० ला तर एका दिवसात १३ टक्के. अशा दिवशी तुम्ही काय केलं, ते पाहून नोकरीचं ठरवा.

नोकरी असताना इंट्राडे जमत नाही, मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाईल धरून तर बिलकुलच नाही. स्विंग करा, म्हणजे संध्याकाळी चार्ट पाहून ऑर्डर लावायची आणि काही दिवस, काही आठवडे ठेवायचं. कोणी म्हणते एमसीएक्स, म्हणजे कमोडिटीचा एक्सचेंज, रात्री साडेअकरापर्यंत चालू असते म्हणून क्रूड, म्हणजे कच्चं तेल, करतो, तर करा, पण दिवसभर काम करून थकलेल्या डोक्याने क्रूडसारख्या उड्या मारणाऱ्या मालात हात घालणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

एमपीएससीची तयारी करून राहिलो, साइडने थोडं ट्रेडिंग करू का?

नको. दोन्हीला लागणारं डोकं एकच आहे आणि लायब्ररीत बसून दर दहा मिनिटांनी एमटीएम, म्हणजे चालू सौद्यातला नफा-तोटा, पाहणारे मी पाहिलेत, त्यांचं ना हे झालं ना ते.

क्लास लावू का? ३५ हजार फी सांगून राहिले, महिन्यात प्रो बनवतो म्हणतात.

जो महिन्यात प्रो बनवते त्याला एकच विचारा, मागच्या तीन वर्षांचे आयटीआर, म्हणजे इन्कमटॅक्सचे रिटर्न, दाखवता का. स्क्रीनशॉट नको, स्क्रीनशॉट कोणीही बनवते. आता सेबीचा नियमही आहे, २९ जानेवारी २०२५ च्या सर्क्युलरप्रमाणे जो फक्त शिकवतो म्हणते त्याला लाइव्ह भाव वापरता येत नाहीत, जुनेच भाव दाखवायचे, त्या सर्क्युलरमध्ये किमान तीन महिने जुने असं होतं. म्हणजे क्लासच्या नावाखाली कोणी आजचा शेअर, आजची लेव्हल सांगत असेल तर तो सल्ला देऊन राहिला, आणि सल्ला द्यायचा तर सेबीचं रजिस्ट्रेशन लागते. रजिस्ट्रेशन नंबर मागा आणि तो सेबीच्या साइटवर स्वतः शोधून पाहा.

शिकायचंच असेल तर एनआयएसएमच्या, म्हणजे सेबीने काढलेल्या शिक्षण संस्थेच्या, परीक्षेची पुस्तकं घ्या. सिरीज ८, इक्विटी डेरिव्हेटिव्हजची, ती नीट वाचली तर मार्जिन काय, सेटलमेंट काय, ऑप्शनचा भाव कशाकशाने हलते, हे क्लासपेक्षा बरं समजते, थोडी रूक्ष आहे एवढंच. सेबीची गुंतवणूकदारांसाठी एक फुकट परीक्षा पण आहे, एनआयएसएमच घेते, सुरुवातीला ती द्या.

पेपर ट्रेडिंगमध्ये मी रोज जिंकतो, मग?

छान आहे, बटणं कुठे आहेत ते कळलं. बाकी काही नाही, कारण खोटे पैसे गेले तर झोप उडत नाही. एक शेअर, दोन शेअर असे खरे पैसे लावून पाहा, हजार रुपये गेले तरी पोटात कसं होते ते कळते.

ट्रेडिंगची नोकरी भेटते का? पगारवाली?

भेटते, आणि मला विचाराल तर ज्याला या धंद्याची खरंच आवड आहे त्याने आधी हाच रस्ता पाहावा. ब्रोकरकडे डीलर, म्हणजे क्लायंटच्या ऑर्डर टर्मिनलवर टाकणारा, त्याला एनआयएसएमचं सर्टिफिकेट लागते. नागपुरात सीताबर्डी, रामदासपेठ, सदर इकडे ऑफिसं आहेत, पण मोबाईल ॲप आल्यापासून डीलरचं काम कमी झालं आणि बहुतेक ठिकाणी डीलरच्या गळ्यात टार्गेट पण असते, हे आधीच सांगतो. रिस्क आणि बॅक ऑफिसमध्ये पोरं नाक मुरडतात, पण मार्जिन कॉल, म्हणजे सौदा टिकवायला अजून पैसे भरा असा निरोप, गेल्यावर लोक कसे वागतात ते तिथे जेवढं दिसते तेवढं कुठेच नाही. रिसर्चला सिरीज १५ आणि जोडीला सीए, एमबीए किंवा सीएफए असलं तर बरं. प्रोप डेस्क, बँकांची ट्रेझरी, अल्गो कंपन्या, हे मुख्यतः मुंबई, बंगळुरू, गुडगाव, आणि तिथे गणित-कोडिंगवाल्यांना विचारतात.

आम्ही शेतकरी, सोयाबीन-कापसाचा भाव आम्हाला कळते. कमोडिटी करू का?

कळते हे खरं आहे, कळमन्यात आवक किती आली, ओलावा किती, हे मुंबईच्या पोरापेक्षा तुम्हाला आधी कळते. पण डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी, मूग, बिगर-बासमती धान आणि कच्च्या पामतेलाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले आणि नंतर ती बंदी वाढवतच नेली. ज्यांचं सगळं ज्ञान सोयाबीनवर होतं ते एका दिवसात मोकळे झाले. तेव्हा एकाच मालावर पोट अवलंबून ठेवू नका. आणि घरात माल असताना भाव पडेल या भीतीपोटी वायदा विकणं वेगळं, नुसता अंदाज आला म्हणून करणं वेगळं, दोन्हीला एकच नाव देऊ नका.

डब्ब्यात, म्हणजे एक्सचेंजबाहेरच्या चोरट्या सौद्यांत, टॅक्स नाही, मार्जिन नाही, तिकडे करू?

नाही. गुन्हा आहे, सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायदा १९५६, दहा वर्षांपर्यंत कैद किंवा २५ कोटींपर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१६ मध्ये नागपुरातच पोलिसांनी डब्ब्यावर धाडी घातल्या होत्या. आणि तिथे जिंकलात तर पैसे देणार कोण, एक्सचेंज तर मध्ये नाही.

विदेशी ॲपवर फॉरेक्स आणि गोल्ड?

रिझर्व्ह बँकेने परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मची अलर्ट लिस्ट काढली आहे, आधी ती पाहा. यादीत नाव नाही म्हणून चालते असंही नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं ॲप, ज्यात नफा दिसते पण काढायला गेलं की आधी टॅक्स भरा म्हणतात, ते ट्रेडिंगच नव्हे, फसवणूक आहे, लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

सरकारी नोकरीत असताना ट्रेडिंग चालते का?

केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ च्या आचरण नियमांतला नियम १६ लागू आहे, शेअरमध्ये सट्टा करायचा नाही, आणि वारंवार घेणं-विकणं म्हणजे सट्टाच धरतात. घेऊन ठेवणं चालते. राज्य सरकार, रेल्वे, कोळसा कंपनी, बँक, प्रत्येकाचे आपापले नियम आहेत, ऑफिसात विचारून घ्या, बायकोच्या नावाने करतो ही आयडिया नका सांगू, ती सगळ्यांनाच सुचते.

ट्रेडर म्हटलं की स्थळ येत नाही, होमलोन भेटत नाही. काय करायचं?

हसू नका, हा प्रश्न सगळ्यात जास्त येते. मुलीकडच्यांचं चुकते असं मला वाटत नाही, त्यांना दर महिन्याला काय येते ते पाहायचं असते आणि बँकेलाही तेच. सॅलरी स्लिप नाही तर सलग दोन-तीन वर्षांचे नफ्याचे रिटर्न लागतात. ते असतील तर बँकेकडे पण दाखवा आणि होणाऱ्या सासऱ्याला पण. नसतील, तर ट्रेडिंग हा अजून तुमचा धंदा झाला नाही, आणि हे त्यांच्या आधी तुम्हाला माहीत असते.

दोन वर्षं झाली, तोट्यातच आहे. सोडू की अजून एक वर्ष पाहू?

ब्रोकरच्या साइटवरून दोन्ही वर्षांचं टॅक्स पी अँड एल, म्हणजे नफ्या-तोट्याचा हिशोब, डाउनलोड करा. आधी खर्च बाजूला काढून पाहा, खर्चाआधी नफा आहे आणि खर्चाने खाल्ला, तर सौदे कमी करून पुन्हा तपासण्यात अर्थ आहे. खर्चाआधीच तोटा असेल आणि दुसऱ्या वर्षाचा तोटा पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर माझं मत सरळ आहे, थांबा. कर्ज काढून, सोनं ठेवून किंवा वडिलांचा पीएफ लावून चाललं असेल तर हिशोब बघायचीही गरज नाही, आजच थांबा. फ्युचर ऑप्शनचा सेगमेंट ब्रोकरकडून बंद करून घेता येते, ॲप काढून टाकण्यापेक्षा ते करा, ॲप रात्री परत टाकता येते.

आणि थांबलात तरी रिटर्न मात्र मुदतीत भरा. फ्युचर ऑप्शनचा तोटा हा बिझनेसचा तोटा धरतात, आयटीआर ३ मध्ये दाखवायचा, पगारातून तो वजा होत नाही पण आठ वर्षं पुढे नेता येते, इंट्राडेचा चार वर्षं. मुदत चुकली तर पुढे नेता येत नाही. उद्या दुकान टाकलं किंवा दुसरा कोणता धंदा केला तर फ्युचर ऑप्शनचा हा तोटा त्या नफ्यातून वजा होऊ शकते, म्हणून सीएकडे जाताना दोन्ही वर्षांचे कागद सोबत न्या.